मुलीच्या ताब्यासाठी बापाने काय करावं? (नाशिक, कौटुंबिक न्यायालय)

सिडकोकर_बाबा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदा. मोठं झालंय, सांभाळून घ्या.

मी अंबडला एका कारखान्यात मशीन शॉपला आहे, तीन पाळ्यांची नोकरी. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. दिवाळीच्या सुट्टीत बायको तिला घेऊन नाशिकरोडला माहेरी गेली ती परत आली नाही. जानेवारीत घटस्फोटाच्या अर्जाची नोटीस आली. त्याआधी पोलिसात तक्रार, महिला कक्षात तीन बैठका, दोन्हीकडचे मामा-काका, सगळं होऊन गेलं. आमच्या दोघांत काय बिघडलं ते इथे लिहीत नाही. ती इथे उत्तर द्यायला नाही, तेव्हा ते बरोबर होणार नाही.

मुलीला मी चार महिने बघितलेलं नाही. फोन केला की "झोपलीय", "क्लासला गेलीय". शाळेच्या गेटशी गेलो तर आईचं पत्र आलंय म्हणून भेटू दिलं नाही. मी गेटपासून बाजूला झालो, रिक्षा सुटेपर्यंत समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात थांबलो. ती रिक्षात आतल्या बाजूला बसली होती, फक्त दप्तर दिसलं.

पहिली पाळी असली की मी साडेतीनला सुटायचो आणि चारला तिला घरी उतरवून घ्यायचो. डबा, गृहपाठ, संध्याकाळी गल्लीत सायकल. थंडीत तिला दम लागतो. निफाडला पारा उतरला की आमच्याकडे रात्री नेब्युलायझर सुरू, हे ठरलेलं. ते मशीन अजून माझ्याच घरी कपाटावर आहे. ही थंडी तिने कशी काढली, मला माहीत नाही.

ओळखीचे सगळे एकच सांगतात, "कोर्टात बापाला कोण विचारतं? ताबा आईलाच मिळतो." हे खरं आहे का? मला मुलगी माझ्याकडे हवी आहे. कुठून सुरुवात करू?

मुंबईनाका

खूप वाईट वाटलं वाचून. माझ्या मावसभावाचं असंच झालं, पाच वर्षं नुसत्या तारखा. वकील चांगला बघा.

एकलव्य_७७

दादा, स्पष्ट सांगतो. कायद्याने बाप हा नैसर्गिक पालक आहे. शाळा सुटायच्या वेळी जा आणि मुलीला घेऊन या. एकदा तुमच्याकडे राहायला लागली की मग कोर्टात त्यांना पळू दे. ज्याच्याकडे मूल त्याची बाजू भक्कम.

वकीलताई_पंचवटी

एकलव्य, हा सल्ला कृपा करून कोणालाच देऊ नका. मी अठरा वर्षं नाशिकला कौटुंबिक प्रकरणं चालवतेय. शाळेतून मूल उचलून आणणाऱ्या बापाची केस त्याच दिवशी निम्मी हरलेली असते. आई दुसऱ्या दिवशी कोर्टात तातडीचा अर्ज देते किंवा उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस लावते, म्हणजे मुलीला कोर्टापुढे हजर करा असा अर्ज. आणि सिडकोकरांच्या मुलीला दम्याचा त्रास आहे. भर रस्त्यात ओढाताण झाली तर तिचं काय होईल, याचा विचार करा. मूल आपल्याजवळ ठेवून घेतलं की निकाल आपलाच, असंही नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात विवेक सिंग विरुद्ध रोमानी सिंग हा खटला झाला. त्यात मुलगी पावणेदोन वर्षांची असल्यापासून बापाकडेच होती, तरी ताबा आईला दिला गेला.

आता सिडकोकर, तुमच्याविषयी.

"आईलाच मिळतो" हे अर्धं खरं आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा, त्याचं कलम ६. त्यात आधी बाप आणि त्याच्यानंतर आई नैसर्गिक पालक, असं लिहिलंय, पण पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहील असंही म्हटलंय. त्या "नंतर" शब्दाचा अर्थ बाप मेल्यावरच असा नाही, हे १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात ठरलं. तुमची मुलगी सात वर्षांची आहे, म्हणजे पाच वर्षांचा नियम तुमच्या आड येत नाही. पण तेवढ्याने ती तुमच्याकडेही येत नाही. त्याच कायद्याचं कलम १३ सगळ्यांच्या वर बसतं: मुलाचं हित सर्वांत आधी. बापाचा हक्क, आईचा हक्क, हे त्याच्या मागे.

वेगळा दावा लावायची गरज नाही. पत्नीने घटस्फोटाचा अर्ज केलाच आहे, तर त्याच प्रकरणात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली तुम्ही ताब्याचा अर्ज देऊ शकता. घटस्फोटाचं काहीच चालू नसतं, तर १८९० चा पालक व पाल्य कायदा होता, आणि त्यात मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टात जावं लागतं.

पण एक ऐका. पहिला अर्ज ताब्याचा नको, भेटीचा करा. चार महिने जिने बापाला बघितलं नाही ती मुलगी उद्या एकदम तुमच्याकडे राहायला द्या, असं म्हणालात तर कोणतंही न्यायालय विचारात पडेल. अंतरिम भेट मागा: शनिवार, सणाचा एखादा दिवस, उन्हाळ्याची निम्मी सुट्टी, आणि आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल. २०२० च्या यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की मुलाला दोघांच्याही प्रेमाचा हक्क आहे, आणि समोरासमोर भेट होत नसेल तिथे व्हिडिओ कॉलने तरी संपर्क राहिला पाहिजे. ते तुमच्या अर्जात असू द्या.

आणि पोटगी थांबवू नका. "भेटू देत नाही तर पैसे कशाला" असं म्हणणारे पक्षकार मला दर महिन्याला भेटतात. या दोन गोष्टींची गाठ कधीही बांधू नका. उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने रजनीश विरुद्ध नेहा खटल्यात २०२० मध्ये सांगितलंय. त्यात ओव्हरटाइमही लपवू नका.

टंकलेखक_काका

मी कोर्टाबाहेर टेबल टाकून बावीस वर्षं टायपिंग केलं, आधी मशीनवर, मग कॉम्प्युटरवर. "अज्ञान मुलीचा ताबा अर्जदारास देण्यात यावा" ही ओळ किती हजार वेळा छापली असेल सांगता येत नाही. शेजारच्याच कागदावर "गट नंबर अमुकचा ताबा" असायचा. सातबाऱ्यावर नावापुढे "अ.पा.क. आई" लिहितात ना, अज्ञान पालनकर्ता, तोच हा अज्ञान, म्हणजे कायद्याने वयात न आलेला. शब्द जमिनीचे, आणि लावायचे पोराला. बोटांना सवय होती म्हणून टाइप व्हायचं. एकदा एक बाई टेबलाशी उभी होती, तिने विचारलं, "काका, ताबा म्हणजे ती त्यांची होणार?" तेव्हा मी मशीन थांबवलं होतं.

वकीलताई_पंचवटी

काका, अगदी खरं. १९७३ च्या रोझी जेकब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं, की मुलं म्हणजे आईबापांची मालमत्ता नव्हेत. पन्नास वर्षं उलटली तरी आम्ही ताबाच लिहितो.

आई_दोन_मुलांची

सिडकोकर, मी दुसऱ्या बाजूची आहे. तुमचं वाचून माझ्या पोटात गोळा आला, तरी लिहिते.

माझ्या नवऱ्याने ताब्याचा अर्ज केला तेव्हा आमचा धाकटा तीन वर्षांचा होता. त्याला कोणती लस दिलीय, कोणती राहिलीय, यातलं काही नवऱ्याला माहीत नव्हतं. मी पोटगी सोडली तर तो अर्ज मागे घेणार होता. तसं त्याच्या भावाने निरोपही धाडला. मला दोन वर्षं रात्री झोप नव्हती. दार वाजलं की पोरांना आतल्या खोलीत पाठवायचे. म्हणून विचारते, आणि खरं उत्तर द्या: तुम्हाला मुलगी हवीय, की तिच्या आईकडून काढून घ्यायचीय?

सिडकोकर_बाबा

ताई, तुमच्या प्रश्नावर मी दोन दिवस उत्तर देऊ शकलो नाही.

नोटीस आली त्या रात्री मला काढूनच घ्यायची होती. त्या रागात मी वकिलाला फोन केला, "बायकोला धडा शिकवायचाय" असं बोललो. हे आज लिहिताना लाज वाटते. आता तसं राहिलेलं नाही. पण माझे दुसऱ्या-तिसऱ्या पाळीचे आठवडे येतात तेव्हा मुलीकडे रात्री कोण बघणार, हे मी अजून स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही. माझी आई आहे, पण तिचे गुडघे गेलेत. तुम्ही विचारलंत म्हणून हे पहिल्यांदा कागदावर मांडलं.

आई_दोन_मुलांची

मग एक काम आज करा. ते नेब्युलायझरचं मशीन पोचवा. कोर्टातून नको, वकिलातून नको, अट नको, चिठ्ठीत तक्रार नको. नुसतं पोचवा.

निफाडचा_आजोबा

ताईंच्या बोलण्याला माझा दुजोरा. आमची नात नगरला असते, दोन वर्षं झाली. द्राक्षाचा माल निघाला की पहिला घड तिच्या नावाने काढतो आणि शेजारच्या पोरांना देतो. कोर्टात आजीआजोबांना कोणी पक्षकार धरत नाही. वकीलताई, आम्हाला काही मागता येतं का?

वकीलताई_पंचवटी

काका, मागता येतं. २००८ मध्ये नीलरतन कुंडू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नातवाचा ताबा आईच्या आईवडिलांना दिला होता. अर्थात तिथे मुलाची आई मरण पावली होती आणि बापावर तिच्या मृत्यूचाच गुन्हा होता. तुमचं वेगळं आहे. तुम्ही तुमच्या मुलाच्या भेटीच्या अर्जातच लिहून घ्या की भेट आजीआजोबांच्या घरी व्हावी. बहुतेक वेळा त्याला कोणी हरकत घेत नाही.

मी_ते_मूल

हा धागा मी चार दिवस उघडतोय आणि बंद करतोय. मी आता सत्तावीस वर्षांचा आहे. आमची केस चालली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, याच शहरात.

न्यायाधीशांनी मला आत बोलावलं होतं. चांगले होते ते, पेढा दिला. म्हणाले, तुला कोणाकडे राहायला आवडतं? मी आई म्हणालो. आई जास्त आवडत होती म्हणून नाही. बाहेर आई भिंतीला टेकून उभी होती आणि बाबा बाकावर बसले होते. जी उभी आहे ती दमली असेल, एवढंच डोक्यात होतं. त्यावर माझी पुढची नऊ वर्षं ठरली की नाही मला माहीत नाही, पण मला तेव्हा तसंच वाटायचं, आणि बाबांचं पडलेलं तोंड बघून ते वाटणं गेलं नाही.

तारखेच्या दिवशी दुपारी दोघं मला वेगवेगळा वडापाव आणून द्यायचे. एकाला नको म्हटलं तर त्याला वाईट वाटेल म्हणून मी दोन्ही खायचो. घरी आल्यावर उलटी व्हायची. आईला वाटायचं, बाबांनी बाहेरचं काहीतरी खायला घातलं. बाबांच्या वकिलाने लिहिलं, आईकडे मुलाची तब्येत बिघडते. ते दोन्ही कागद मी मोठा झाल्यावर वाचले.

सिडकोकर काका, तुमची मुलगी हे असलं सगळं मोजत असेल. तिला आत्ता काही विचारू नका. आईबद्दल नाही, मामाबद्दल नाही, "बाबाची आठवण येते का" हेसुद्धा नाही.

वकीलताई_पंचवटी

मी_ते_मूल, तुम्ही लिहिलंत ते मी माझ्या ज्युनिअर मुलींना वाचायला दिलं.

कायद्यात एवढंच आहे की मूल समजून मत देण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय त्याचं मत विचारात घेऊ शकतं, १८९० च्या कायद्याचं कलम १७. ते मत ऐकलंच पाहिजे असं नाही, आणि एवढ्यावरच निकाल द्यायचा नसतो. आता न्यायाधीश थेट "कोणाकडे" असं सहसा विचारत नाहीत. आधी समुपदेशक भेटतात, चित्र काढायला देतात, शाळेचं बोलतात.

सिडकोकर, समुपदेशकांची बैठक हलक्यात घेऊ नका. बरेच पुरुष तिथे बायकोविरुद्धची फाइल घेऊन जातात, व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट, कॉल रेकॉर्डिंग. तुम्ही मुलीची फाइल न्या. लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांचे कागद, तिची जुनी प्रगतिपुस्तकं. आणि पाळ्यांचा प्रश्न तुम्ही इथे मान्य केलात तो तिथेही स्वतःहून मांडा. विचारायच्या आधी.

दुसरं म्हणजे, कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्काने उभा राहत नाही, परवानगी घ्यावी लागते. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने ते तसं ठेवलंय, कारण न्यायाधीशांना तुमच्याशी थेट बोलायचं असतं. तेव्हा उत्तरं तुमच्या तोंडून यायला हवीत.

सिडकोकर_बाबा

मंडळी, अडीच महिन्यांनी लिहितोय.

मशीन पोचवलं. बिटको चौकात सासऱ्यांना बोलावलं आणि पिशवी हातात दिली. एक शब्द बोलले नाहीत. वळून चार पावलं गेले आणि परत आले. "औषध किती टाकायचं?" मी डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स पिशवीत ठेवली होती ती दाखवली, मास्क कसा धरायचा ते माझ्याच तोंडावर धरून दाखवला. रस्त्यात लोक बघत होते. पंधरा दिवसांनी समुपदेशक मॅडमसमोर बायकोनेच ते सांगितलं, की मशीन पाठवलं. आमच्यात वर्षभरात एकमेकांबद्दल निघालेलं ते पहिलं धड वाक्य.

मॅडमनी मला विचारलं, वर्गशिक्षिका कोण? सांगितलं. घाबरते कशाला? पालीला, आणि मिक्सरच्या आवाजाला. बुटाचा नंबर? सांगितला. मग बायको हळूच म्हणाली, "आता एक नंबर वाढलाय." मी ते वहीत लिहून घेतलं.

पाळ्यांचंही मांडलं. कारखान्यात अर्ज दिलाय, शुक्रवार-शनिवारी पहिली पाळी मिळावी म्हणून. साहेबांनी तोंडी हो म्हटलंय, लेखी अजून नाही. ताब्याचा अर्ज मी सध्या पुढे रेटलेला नाही. वकीलताई म्हणाल्या तसा आधी भेटीचा दिला आणि त्यावर दोघांच्या सहीची पुरसीस, म्हणजे कोर्टात दिलेलं लेखी निवेदन, झाली: पहिला आणि तिसरा शनिवार, अकरा ते पाच, बुधवारी आठ वाजता व्हिडिओ कॉल, मे महिन्यात दहा दिवस. ताब्याचं पुढे बघू. मला ती अजूनही माझ्याकडे राहायला हवी आहे, ते काही बदललेलं नाही. पण हा आदेश पुढे बदलून मागता येतो, हे कळल्यावर छाती थोडी हलकी झाली.

परवा पहिला शनिवार होता. सासऱ्यांच्या फाटकाशी उभा राहिलो. ती आली, आणि समोरचे वरचे दोन्ही दात नव्हते. मला तिथेच उभं राहवेना. दिवाळीला दोन्ही होते. आधी कुठला पडला, पडला तेव्हा रडली का, कुठे टाकला, काही माहीत नाही. मी_ते_मूल यांचं वाचलेलं आठवलं आणि काही विचारलं नाही. पांडवलेणीला गेलो, पायऱ्या अर्ध्यावर तिला दम लागला म्हणून सावलीत बसलो. तेव्हा तिने स्वतःच सांगितलं, एक पेरू खाताना पडला आणि एक बुधवारी पीटीच्या तासाला. पेरूवाला आजीने तुळशीत पुरलाय, पीटीवाला हरवला.

मी कुठे हरवला ते विचारलं. मैदानात, म्हणाली. एवढंच बोलणं झालं, मग खाली येऊन उसाचा रस प्यायलो, तिचा बिनबर्फाचा.

मुंबईनाका

डोळे भरून आले दादा.

एकलव्य_७७

मी वर जे लिहिलं होतं ते चुकीचं होतं. माझ्या स्वतःच्या केसच्या रागात लिहिलं होतं. माझा मुलगा नऊ महिने झाले बोललेला नाही. वकीलताई, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय.

वकीलताई_पंचवटी

बघितला. सोमवारी दुपारनंतर फोन करा.

सिडकोकर, कारखान्याकडून लेखी घ्या, पुढच्या तारखेआधी. तोंडी "हो" कोर्टात चालत नाही. आणि प्रत्येक भेटीनंतर तारीख, वेळ, कुठे गेलात, मूल परत किती वाजता सोडलं, एवढं वहीत टिपा. बायकोची चूक पकडायला नव्हे. सहा महिन्यांनी रात्रीच्या मुक्कामाची मागणी करताना तुमच्या हातात काहीतरी असावं म्हणून. पाचला सोडायचं म्हणजे पाचला, पाच-दहाही नाही.

सिडकोकर_बाबा

चार पंचावन्नला सोडलं ताई.

एक विचारायचं राहिलं. येत्या शनिवारी तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस कॉलेज रोडला आहे आणि तिला मीच घेऊन जायचंय. बुधवारच्या कॉलवर म्हणाली, पाचपेडी वेणी घालून दे. मला साधी तीनपेडी येते, तीही घट्ट बसत नाही. यूट्यूबवर बघितलं, हात फिरतात पण कळत नाही. कोणी लिहून सांगेल का?

आई_दोन_मुलांची

लिहून घ्या. केस आदल्या रात्री धुतलेले नकोत, निसटतात. आधी थोडं पाणी मारा, वर बोटभर तेल. मागे घट्ट रबर लावून पोनी बांधा, म्हणजे ती हलली तरी वेणी सुटणार नाही. पोनीचे पाच सारखे भाग करा. डावीकडचा कडेचा पेड उचला, शेजारच्या पेडावरून घ्या, त्याच्या पुढच्या पेडाखालून, तो मध्ये आला. मग उजवीकडचा कडेचा, तसाच: एकावरून, एकाखालून, मध्ये. परत डावा. ओढून घट्ट करायचं ते दर वेळी कडेचा पेड फिरवल्यावर, शेवटी एकदम नाही. आधी दोरीच्या पाच लडी खिळ्याला बांधून दोन-तीनदा करून बघा. आणि तिची मान दुखायला लागली की मध्येच सोडा, तीनपेडी घाला, ती काही म्हणणार नाही.

सिडकोकर_बाबा

दोरी आणली. कपाटाच्या कडीला बांधलीय. डावा वरून, मग खालून, मध्ये. इथपर्यंत जमलं.